मिस्साला न येणारा मुलगा

नाताळ आठवड्यावर आला की वसईत, वांद्र्यात, मडगावात कितीतरी ख्रिस्ती घरांत एकच प्रश्न हळू आवाजात विचारला जातो: धाकटा यंदा मध्यरात्रीच्या मिस्साला येणार का? पुण्याहून तो वेळेवर येतो. दारात चांदणी टांगतो, गोठा मांडताना भावंडांशी हुज्जत घालतो, फराळाची ताटं शेजारी पोचवतो. चर्चला निघायची वेळ झाली की मात्र ‘तुम्ही जाऊन या’ म्हणत लॅपटॉप उघडतो. आई काही बोलत नाही. बाबा गाडीत बसल्यावर बोलतात, आणि तेही आईलाच.

हिंदू घरातल्या नास्तिकाचं त्या मानानं निभावून जातं. आरतीला तो टाळ्या वाजवतो, मोदक खातो आणि तू नेमकं काय मानतोस असं त्याला सहसा कुणी विचारत नाही. ख्रिस्ती उपासनेची घडणच निराळी. तिथे रविवारी सगळ्यांनी उभं राहून आपण काय मानतो ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं. त्यामुळे न मानणारा लपत नाही. ओठ न हलवणारा शेजारच्या बाकालाही दिसतो. त्यातून धर्मग्राम म्हणजे निम्मं गाव. घरटी नोंद असते, विभागाच्या प्रार्थनासभा असतात, कोण येतं आणि कोण येत नाही हे फादरांच्या आधी शेजारणीला ठाऊक असतं. मुलानं विश्वास सोडला की आईला वाटतं, आपल्याच संस्कारांत खोट राहिली. मुलाला वाटतं, खरं बोललो तर घरात सुतक आलं. हा लेख या दोघांसाठी आहे. आणि अशा घरात लग्न करून येणाऱ्या, कुठलाच देव न मानणाऱ्या सुनेसाठी किंवा जावयासाठीही.

माझं म्हणणं एवढंच आहे: हजर राहणं आणि कबूल करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हजेरी मायेपोटी मागता येते आणि मायेपोटी देताही येते. कबुली मात्र मागू नये आणि खोटी देऊही नये. हजेरी मागता मागता हळूच कबुली मागितली जाते, किंवा कबुली नाकारायच्या तावात माणूस हजेरीही नाकारून बसतो, आणि तिथे ठिणगी पडते.

याचा सगळ्यात चांगला नमुना मला चार्ल्स डार्विनच्या घरात दिसतो. डार्विन स्वतःला नास्तिक म्हणवत नसे, अज्ञेयवादी म्हणवत असे. पण ख्रिस्ती धर्मावरचा त्याचा विश्वास पुरता उडाला होता. बायको एमा श्रद्धाळू. 1839 मध्ये लग्न झालं त्या सुमारास तिनं त्याला एक पत्र लिहिलं. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही ही शास्त्रातली सवय जिथे तसा पुरावा मिळणंच शक्य नाही तिथेही तू लावत नाहीस ना, आणि आपण कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं तर मला सोसणार नाही, असा त्याचा आशय. डार्विननं तिला पटवायचा हट्ट धरला नाही आणि पत्र अडगळीतही टाकलं नाही. ते जन्मभर जपलं आणि त्याच कागदावर लिहून ठेवलं की मी गेल्यावर तुला कळू दे, या पत्राचं चुंबन घेऊन मी कितीदा रडलो आहे. 1851 मध्ये त्यांची दहा वर्षांची लेक ॲनी गेली, तेव्हा तर या मतभेदाला धार चढायला हवी होती. तशी ती चढली नाही. केंट परगण्यातल्या डाउन गावात रविवारी कुटुंब चर्चमध्ये जाई आणि डार्विन बाहेर फिरायला जाई. गावचे पाद्री जॉन ब्रॉडी इनिस त्याचे जवळचे मित्र. गरिबांसाठी कोळसा आणि कपडे पुरवणाऱ्या गावच्या मंडळाचे हिशेब डार्विन ठेवत असे.

एमाची गोष्ट तर अधिकच बोलकी. ती एकेश्वरवादी ख्रिस्ती वळणात वाढलेली, त्रैक्याचा सिद्धांत तिला मान्य नव्हता. मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी सामूहिक कबुली, म्हणताना बाकीची मंडळी वेदीकडे वळत, तेव्हा डार्विनची बायकामुलं समोर पाहत तशीच उभी राहत, अशी आठवण त्यांच्या मुलानं नोंदवली आहे. म्हणजे त्या घरातली श्रद्धाळू बाईसुद्धा हजर राहत होती आणि न पटणारी कबुली टाळत होती.

आता आपल्याकडचं प्रत्यक्षातलं. नाताळ, बहिणीचं लग्न, भाच्याची पहिली कम्युनियन, आजोबांच्या वर्षाचा मिस्सा अशा वेळी न मानणाऱ्यानं जावं. मागच्या बाकावर बसावं. सगळे उभे राहिले की उभं राहावं. कुठल्याही सभेत आपण तेवढं करतोच. गुडघे टेकायची गरज नाही, बसून राहिलं तरी कुणी हटकत नाही. गाणी आवडत असतील तर खुशाल म्हणावीत. कम्युनियनच्या रांगेत मात्र जाऊ नये. नास्तिकांना हे बऱ्याचदा माहीत नसतं आणि आयांना माहीत असूनही त्या कोपरानं ढोसतात. तिथे फादर जे म्हणतात त्याला ‘आमेन’ म्हणून कम्युनियनची भाकर घ्यायची असते, आणि ते ‘आमेन’ हीच कबुली. आईचं मन राखायला रांगेत जाणारा मुलगा आईच्याच श्रद्धेच्या दृष्टीनं अपराध करतो. तेव्हा त्यानं बाकावर बसून राहणं हाच आदर. लोक बघतील म्हणाल तर बघू देत. दोन-तीन रविवारांत त्यांना सवय होते.

संध्याकाळच्या रोजरीचंही तसंच. घरात माळ चालू असताना न मानणाऱ्यानं टीव्ही लावू नये, फोनवर मोठ्यानं बोलू नये. ओटीवर पुस्तक घेऊन बसला तर त्याला आत ओढू नये. आत येऊन नुसता बसला तर ‘माळेतलं एक दशक तू घे’ असं म्हणून त्याची परीक्षा पाहू नये. जेवणाआधीच्या प्रार्थनेला अर्धा मिनिट लागतो; तेवढा वेळ ताटातला हात थांबवायला तत्त्वज्ञान आडवं येत नाही.

‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करते’ या वाक्यावरून मात्र घरं तुटायला आलेली पाहिली आहेत. श्रद्धाळू माणसासाठी ते मायेचं बोलणं असतं. न मानणाऱ्यानं ते तसंच घ्यावं, ‘बरं’ म्हणावं आणि पुढच्या विषयाकडे जावं. प्रार्थनेचा उपयोग होत नाही हे त्याच वेळी सिद्ध करायची घाई नसते. पण हेच वाक्य प्रत्येक भेटीत, प्रत्येक फोनच्या शेवटी, पडलेल्या आवाजात येऊ लागलं की तो दबाव होतो. मग स्पष्ट सांगावं: ‘आई, तू तुझ्या मनात प्रार्थना कर, माझी ना नाही. मला ऐकवू नकोस.’ विभागाच्या प्रार्थनासभेत मुलाचं नाव घेऊन ‘त्याला सुबुद्धी दे’ असं मागणं तर सरळ चुकीचं. त्यानं तुम्हाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट तुम्ही पंचवीस घरांना सांगितली, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

एकमेकांबद्दलचे काही गैरसमज आधीच खोडून टाकलेले बरे. श्रद्धाळूंचा पहिला गैरसमज असा, की देव सोडला म्हणजे माणूस नीतीही सोडतो. दुसरा असा, की हा देवावर रुसलेला आहे आणि एक दिवस परत येईल. येईलही कदाचित, पण त्या भरवशावर त्याच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलू नका. कॅथलिक घरांना इथे त्यांच्याच चर्चचा आधार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 7 डिसेंबर 1965 रोजी जाहीर केलेले दोन दस्तऐवज इथे कामी येतात. एकात म्हटलं की धर्माच्या बाबतीत कुणालाही सदसद्विवेकाविरुद्ध वागायला भाग पाडू नये. दुसऱ्यात, आधुनिक जगातल्या चर्चविषयीच्या दस्तऐवजात, नास्तिकतेची कारणं शोधताना असं मान्य केलं की नास्तिकता निर्माण होण्यात श्रद्धावंतांचाही हात असू शकतो: चुकीची शिकवण, धर्मशिक्षणातली हयगय, आणि स्वतःचं वागणं. त्याच दस्तऐवजात पुढे, जग सुधारण्याचं काम मानणाऱ्यांनी आणि न मानणाऱ्यांनी मिळून करावं आणि त्यासाठी प्रामाणिक संवाद हवा, असंही आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा भाग क्वचितच वाचला जातो. मुलगा हातचा गेला म्हणून कपाळाला हात लावण्याआधी पालकांनी ती दोन-तीन पानं वाचावीत.

नास्तिकांचे गैरसमजही कमी नाहीत. ख्रिस्ती म्हटला की सहा दिवसांत जग निर्माण झालं असं मानणारा, हा त्यातला मोठा. कॅथलिक चर्च उत्क्रांतीचा सिद्धांत नाकारायला सांगत नाही. विश्व प्रसरण पावतंय आणि त्याचा आरंभ एका बिंदूत असावा, हे मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा. पेंटेकॉस्टल सभेतला उपदेशक, वसईचे फादर आणि नगरच्या मंडळीचे पाळक या तिघांना एकाच तराजूत टाकून वाद घातला तर तो तिघांशीही होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाच्या इतिहासाची. नगर, जालना भागात एकोणिसाव्या शतकात जी माणसं ख्रिस्ती झाली ती बहुतांशी गावकुसाबाहेरची. त्यांच्या पणतूला बाप्तिस्मा म्हणजे येशूच्या दैवीपणाचा तात्त्विक दावा तर वाटतोच, पण त्याआधी आपल्या पणजोबांनी पहिल्यांदा ताठ मानेनं उभं राहण्याची ती गोष्ट वाटते. शाळा, दवाखाना, भजनं, वाचायला येणं हे सगळं त्या एका निर्णयाला चिकटलेलं. अशा घरात जन्मानं वरच्या जातीतल्या एखाद्या विवेकवाद्यानं जेवणाच्या टेबलावर ‘पोटासाठी बाटले’ असा विनोद केला, तर तो देवावर होत नाही, पणजोबांवर होतो. इतका उथळ विनोद करणाऱ्याला विवेकवादी तरी का म्हणावं, हा वेगळा प्रश्न.

उलट बाजूनं हेही लक्षात असू द्यावं की उघडपणे नास्तिक म्हणवणारे आपल्याकडे मूठभर आहेत. 2011 च्या जनगणनेत देशभरात तशी नोंद करणारे 33 हजारांच्या आसपास भरले, महाराष्ट्रात दहा हजारही नाहीत. त्याच वेळी राज्यात ख्रिस्ती साडेदहा लाखांच्या वर होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. वास्तविक त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देवाधर्माला विरोध करण्याची नव्हती, देवाधर्माच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीला विरोध करण्याची होती. ख्रिस्ती आणि नास्तिक हे दोघंही इथे अल्पसंख्य. एकमेकांच्या अंगावर जाताना दोघांनाही आपण बहुसंख्य असल्यासारखं वाटतं, ही गंमतच.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल थोडंसं. सकाळी सातला मावशी बायबलमधलं वचन टाकते, साडेसातला भाचा त्याखाली हसरं तोंड टाकतो आणि आठपर्यंत तीन माणसं ग्रुप सोडून गेलेली असतात. वचनावर उत्तर द्यायचं नसतं, ते वर सरकवायचं असतं. खोट्या माहितीचं मात्र वेगळं, आणि तिथे चाळणी दोघांना एकच लावावी. नासाच्या संगणकाला बायबलमधल्या यहोशवाच्या काळातला हरवलेला दिवस सापडला, ही अर्धशतक फिरणारी थाप आहे. गॅलिलिओला चर्चनं जाळलं हीही थापच. त्याला घरात नजरकैदेत ठेवलं होतं, जाळलं ते जोर्दानो ब्रूनोला, 1600 मध्ये. आपल्या बाजूची थाप आपणच खोडली तर पुढच्या वेळी समोरचा ऐकतो. चुलतभावानं टाकलेली थाप चारचौघांत खोडण्यापेक्षा त्याला खासगीत कळवली तर आणखी बरं.

वाद घालायचाच असेल तर मुंबईतलं विलेपार्ल्याच्या इर्ल्याचं 2012 सालचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. तिथल्या वेलंकनी मातेच्या चर्चजवळच्या क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक जमले, पाणी बाटल्यांत भरून नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं. मागच्या बाजूला गटार तुंबलं होतं. ते पाणी केशाकर्षणानं भिंतीतून वर चढून खिळ्याच्या जागी बाहेर पडत होतं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पाणी कुठून येतं हा गवंड्याचा आणि प्लंबरचा प्रश्न, त्याचं उत्तर मिळालं. शिवाय ते पाणी लोक पीत होते, म्हणजे उत्तर मिळणं गरजेचंच होतं. पुढे टीव्हीवरच्या चर्चेत गोष्ट गटारावरून चर्चच्या हेतूंवर, पैशांवर, पोपवर गेली. काही ख्रिस्ती संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली पोलिसांत तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी एडामारुकू फिनलंडला निघून गेले.

माझ्या मते यात दोन चुका झाल्या आणि त्या सारख्या वजनाच्या नाहीत. एका प्रश्नाचं उत्तर हातात असताना त्याच दमात दहा आरोप करणं ही वाद घालण्याच्या रीतीतली चूक. त्यानं ऐकणारा गटाराचं उत्तरही ऐकेनासा होतो. वादाला पोलीस ठाण्यात नेणं ही त्याहून मोठी चूक. भारतीय दंड संहितेचं 295 अ हे कलम जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेल्या अवमानासाठी होतं; आता न्याय संहितेत ते 299 क्रमांकानं आलं आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. न पटणाऱ्या स्पष्टीकरणाला त्याखाली आणायचं म्हटलं तर उद्या तेच कलम रस्त्यावर सुवार्ता सांगणाऱ्या ख्रिस्ती माणसावर उलटतं, आणि उलटलेलंही आहे. चमत्कारांच्या बाबतीत चर्च स्वतः किती सावध असतं हे भाविकांनी पाहावं. फ्रान्समधल्या लूर्द इथे 1858 पासून बरं झाल्याचे हजारो दावे झाले. तिथल्या वैद्यकीय तपासणीतून जाऊन चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेले त्यातले सत्तरच्या आसपास.

सहन करू नये अशीही एक जागा आहे. प्रार्थनेनं बरं होईल म्हणून औषध बंद करायला सांगणारा कुणीही असो, तिथे गप्प बसायचं नाही. क्षयाच्या गोळ्या, फिट्सचं औषध, इन्सुलिन यांच्या आड कुणाची श्रद्धा येऊ लागली तर घरातल्या श्रद्धाळू माणसानं पुढे व्हावं. नास्तिक पुतण्या बोलला तर ‘तो तसंच म्हणणार’ म्हणून ते झटकलं जातं, फादरांनी किंवा मोठ्या काकूंनी सांगितलं तर ऐकलं जातं. प्रार्थना करा आणि गोळीही घ्या, यात बहुतेक धर्मगुरूंना काही वावगं दिसत नाही. रोग बरे करण्याच्या चमत्कारी जाहिरातींविरुद्ध 1954 चा केंद्राचा कायदा आहे आणि महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. पण घरातलं प्रकरण शक्यतो घरातल्या वजनदार माणसाकडूनच सुटतं.

आता लग्न आणि मुलं. खरी कसोटी इथे, आणि गोंधळही इथेच सगळ्यात जास्त.

कॅथलिक मुलगी आणि कुठलाच धर्म न मानणारा मुलगा अशी जोडी असेल तर तो बहुतेकदा म्हणतो, ‘रजिस्टर करून टाकू, त्यात काय.’ 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यात ते होतंही. (गोव्याची नागरी कायद्याची रीत वेगळी, तिथे निबंधकाकडे आधी चौकशी करावी.) पण नुसत्या नोंदणीनं झालेलं कॅथलिक व्यक्तीचं लग्न चर्च लग्न मानत नाही, आणि त्या मुलीला पुढे कम्युनियन घेता येत नाही. त्याच्या लेखी जी एक सही आहे तिची किंमत ती दर रविवारी मोजणार. ते तिला चालणार असेल तर प्रश्न नाही, पण तिला विचारलं पाहिजे. पर्याय आहे: मुलाचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर बिशपांकडून सूट घेऊन चर्चमध्ये लग्न लागू शकतं, आणि ते मिस्साशिवाय, साध्या विधीनंही होऊ शकतं. मुलगा स्वतःच बाप्तिस्मा झालेला पण उघडपणे श्रद्धा सोडलेला कॅथलिक असेल तर वेगळी परवानगी लागते. त्यानं फादरांपुढे बसून खरं काय ते सांगावं. ‘आता हो म्हणून टाकू’ हा मार्ग फार मोहाचा आहे आणि फार महागात पडतो.

मुलांच्या बाबतीत कॅथलिक जोडीदाराला असं वचन द्यावं लागतं की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक श्रद्धेत वाढावीत यासाठी मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची कल्पना दिली जाते. 1970 पासून त्याच्याकडून वचन घेतलं जात नाही. म्हणून लग्नाआधीच एका संध्याकाळी बसून बोलावं: बाप्तिस्मा करायचा का, रविवारी कोण नेणार, पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला घालायचं का, आणि मुलानं बाराव्या वर्षी ‘मला जायचं नाही’ म्हटलं तर काय. लहान मुलाच्या बाप्तिस्म्याला आईवडलांपैकी निदान एकाची संमती लागते आणि ते मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा लागते. ही अट चर्चचीच आहे. त्यामुळे दोघांनाही नको असताना आजीनं मोरीत नेऊन बाळाच्या डोक्यावर पाणी ओतायचं नसतं. असं घडतं, आणि मग ते चार वर्षांनी एखाद्या भांडणात बाहेर पडतं. आजींना हे समजावून सांगायचं काम मुलाचं किंवा मुलीचं, सून-जावयाचं नव्हे.

लाडका नास्तिक मामा धर्मपिता होऊ शकत नाही; धर्ममातापिता कॅथलिक, दृढीकरण झालेले आणि श्रद्धेनं जगणारे असावेत असा नियम आहे. मामानं रुसू नये. बारशाचा केक, फोटो आणि पुढची अठरा वर्षं त्याच्याकडे आहेतच.

वाढत्या मुलाला दोन्ही गोष्टी सरळ सांगाव्यात: आई असं मानते, बाबा तसं मानतात, दोघं एकमेकांना खोटं म्हणत नाहीत. मुलाला पंच करू नये. ‘तूच सांग, देव आहे का?’ हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला विचारणारा नास्तिक बाप आणि ‘बाबांसाठी देवाकडे माफी माग’ म्हणणारी आई, दोघं सारखेच. शाळेचं म्हणाल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात बसवता येत नाही. मिशनच्या शाळांत बिगरख्रिस्ती मुलांना म्हणूनच नीतिशिक्षणाचा तास असतो. मुख्याध्यापकांना एक साधं पत्र पुरतं, भांडण लागत नाही. शिक्षकांनाही प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2013 मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात म्हटलं आहे. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयानं निकाल दिला की सरकारी कागदावर ‘धर्म नाही’ असं लिहिण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो हक्क मागणारे अर्जदार येशूला मानणारे होते. येशू मान्य, धर्म नावाची चौकट अमान्य, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याचा फायदा आज नास्तिकांना होतो.

राहता राहिलं मरण. इथे वेळ कमी असतो आणि माणसं थकलेली असतात, म्हणून हे आधी ठरवून ठेवावं.

श्रद्धाळू आई शेवटच्या आजारात असेल तर नास्तिक मुलानंच फादरांना फोन करावा. रुग्णाला तेल लावण्याचा संस्कार शुद्ध असताना झालेला बरा, तेव्हा फार थांबू नये. खोलीत उभं राहावं. तिनं ‘आपण पुन्हा भेटू ना?’ असं विचारलं तर डोकं न लढवता तिचा हात धरावा. आयुष्यभराच्या प्रामाणिकपणाचा हिशेब त्या क्षणी चुकता करायचा नसतो.

नास्तिक वडील असतील आणि त्यांनी नको म्हणून ठेवलं असेल, तर बेशुद्धीत फादरांना बोलावून संस्कार उरकू नये. त्यांची इच्छा लेखी असावी. देहदान करायचं असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातून अर्ज आणून जवळच्या नातेवाइकांच्या सह्या आधीच घ्याव्यात. ऐन वेळी एका भावानं आडवं लावलं तर महाविद्यालय देह स्वीकारत नाही. अवयवदान किंवा देहदान याला कॅथलिक चर्चचा विरोध नाही, त्यामुळे श्रद्धाळू नातेवाइकांनी त्यावरून घाबरून जाऊ नये. दहनही 1963 पासून चालतं. सातव्या दिवशी घरच्यांना मिस्सा ठेवावासा वाटला तर ठेवावा. तो मागे राहिलेल्यांचा आधार आहे, गेलेल्या माणसाची कबुली नव्हे. मुलांपैकी कुणी नास्तिक असेल तर त्यानंही जाऊन बसावं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये: शेवटी त्यांनी देवाचं नाव घेतलं, अशी आवई उठवू नये. डार्विनच्या वाट्याला हे आलं. मरणशय्येवर त्यानं उत्क्रांतीवाद मागे घेऊन येशूला मानलं, अशी गोष्ट 1915 मध्ये अमेरिकेतल्या एका बाप्टिस्ट पत्रात छापून आली आणि शंभर वर्षं झाली तरी ती फिरते आहे. त्याची मुलगी हेन्रिएटा हिनं 1922 मध्ये जाहीरपणे सांगितलं की मी तिथे होते, असं काही घडलं नाही. खरं तर डार्विनला पुरलं ते वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, चर्चच्याच भूमीत, आणि त्यासाठी कुणाला त्याच्या तोंडी काही घालावं लागलं नव्हतं. तेव्हा दफनभूमीच्या फाटकाशी कुणी ‘शेवटी काय म्हणाले?’ असं विचारलं, तर जे म्हणाले असतील तेच सांगा. पाणी मागितलं असेल तर पाणी मागितलं म्हणा.